जुनी विमाने

प्रत्येक घरात एक तरी छंदिष्ट माणूस असतो आणि त्याच्या छंदाचा ताप निमूटपणे सोसणारी बाकीची मंडळी असतात. आमच्या घरात हा मान सध्या माझ्या तेरा वर्षांच्या नातवाकडे आहे. त्याला टपालाची तिकिटे जमविण्याचा नाद असता, तर मी माझी जुनी पत्रपेटी आनंदाने त्याच्या स्वाधीन केली असती. पक्ष्यांचा नाद असता, तर त्याहूनही बरे वाटले असते. कारण सलीम अलींनी १९३० साली ज्या किहीम गावी बसून सुगरण पक्ष्याचा संसार न्याहाळला, ते गाव आमच्या अलिबागेपासून तीन-चार कोसांवर आहे, आणि ही गोष्ट वर्गातील मुलांना सांगताना मी आयुष्यभर स्वतःच काही पराक्रम केल्यासारखा आवाज काढीत असे. पण चिरंजीवांनी निवड केली ती जुन्या लढाऊ विमानांची! ज्या घरात उंच उडणारी वस्तू म्हणजे फार तर संक्रांतीचा पतंग, त्या घराच्या भिंतीवर आज हरिकेन, स्पिटफायर, लँकॅस्टर, डाकोटा अशी चित्रे ओळीने लागली आहेत, आणि देवघराच्या दारावर वॉपिटी नावाचे एक बोजड दुपंखी विमान अडकविण्याचा त्याचा बेत त्याच्या आजीने मोठ्या निकराने हाणून पाडला आहे.

संध्याकाळी आम्ही दोघे वरसोलीच्या किनाऱ्यावर फिरावयास जातो. पूर्वी या वेळी मी त्याला कुलाब्याच्या किल्ल्याच्या गोष्टी सांगत असे. आता तो मला गोष्टी सांगतो. मुंबईकडे उतरणारे एखादे प्रवासी विमान डोक्यावरून गेले, की तो मान वर करून पाहतो खरा, पण त्या पाहण्यात फारसा आदर नसतो. "यांना आवाजच नाही हो आजोबा," असे तो म्हणतो. आवाज म्हणजे बारा सिलिंडरांच्या मर्लिन इंजिनाचा! तो त्याने कुठल्याशा ध्वनिमुद्रिकेवर ऐकला आहे, आणि एखाद्या दर्दी माणसाने किराण्याचा आणि जयपूरचा गायक पहिल्या आलापीतच ओळखावा, तशी तो डोळे मिटून इंजिने ओळखतो. स्पिटफायरचा पंख लांबट गोल का, हरिकेनच्या पाठीला कुबड का, लँकॅस्टरमध्ये सातच माणसे का, या प्रश्नांवर तो वरसोलीपासून घरापर्यंत न थांबता बोलू शकतो.

मला हा छंद प्रथमपासून आवडला नाही, हे मी येथे कबूल करतो. माझे आक्षेप दोन होते. पहिला असा, की ज्या वस्तू माणसे मारण्यासाठी घडविल्या गेल्या, त्यांच्या सौंदर्याची चर्चा करणे हे मनाच्या निबरपणाचे लक्षण आहे. तलवारीच्या मुठीवरील नक्षीची तारीफ करताना तिच्या पात्याचे काम आपण विसरतो, तसेच हे. दुसरा आक्षेप अधिक घरगुती होता. ही विमाने आपली नव्हेत. ती इंग्रजांची, आणि आमचे घर खादीचे. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेरच्या जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला, तेव्हापासून आमच्या आजोबांनी विलायती कापडाला हात लावला नाही. अशा घरात इंग्रजी साम्राज्याच्या हवाई दलाचे गोडवे गायले जावेत, हे मला आजोबांच्या तसबिरीसमोर बरे दिसेना.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर नातवाने दिले, आणि तेही वादविवाद न करता. एके दिवशी त्याने मला एक आकडा दाखविला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश बाँबफेकी दलात सुमारे सव्वा लाख वैमानिक आणि त्यांचे साथीदार होते. त्यांपैकी ५५,५७३ परत आले नाहीत. "म्हणजे आजोबा, दर दहांतले चार," तो म्हणाला. "आणि पुष्कळसे बावीस-तेवीस वर्षांचे." मग त्याने लँकॅस्टरचे चित्र काढले आणि त्यातील सात जागांवर बोट ठेवीत मला सांगितले: हा वैमानिक, हा इंजिन सांभाळणारा, हा दिशा सांगणारा, हा बिनतारी यंत्र ऐकणारा, हा बाँब टाकणारा, हा पाठीवरचा बंदूकवाला आणि हा सर्वांत मागे शेपटीत एकटा बसलेला. त्या शेपटीतल्या माणसाजवळ त्याचे बोट जरा जास्त वेळ थांबले. विमानाच्या चित्रात तो माणसे शोधीत होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आले. मी मात्र चित्र पाहून फक्त यंत्रच पाहिले होते.

इंग्लंडात १९५७ पासून जुन्या लढाऊ विमानांचे एक लहानसे दल उडत्या स्थितीत राखले आहे. एखाद्या गावावरून त्यांतले लँकॅस्टर जाणार असले, की लोक शेतांच्या बांधांवर उभे राहून वाट पाहतात. आज साऱ्या जगात उडू शकणारी लँकॅस्टरे दोनच. एक तेथे आणि दुसरे कॅनडात. नातू हे सांगत असता मला आमच्याकडील शिमग्यातील पालखीची आठवण झाली. पालखी शिवेवर आली, की म्हातारीकोतारीही दारात येऊन उभी राहतात. ती काही लाकडाच्या नक्षीसाठी नव्हे. त्या निमित्ताने गेलेली माणसे आठवतात, परगावी असलेली आठवतात. जुन्या विमानाचा आवाज ऐकण्यासाठी बांधावर उभी राहिलेली ती इंग्रज म्हातारी माणसेही, मला वाटते, अशीच कुणाची तरी वाट पाहत असतील.

पण आपली माणसे? माझा दुसरा आक्षेप अजून शिल्लक होता, आणि त्याच्याशी झगडताना मला पुष्कळ नवे कळले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक म्हणून लढलेले जे थोडे हिंदी तरुण होते, त्यांत एक मराठी नाव आहे: श्रीकृष्ण वेलिणकर. हा मुंबईचा मुलगा केंब्रिजला शिकला, डॉल्फिन जातीचे एकासनी विमान उडवू लागला, आणि जून १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवरून एका सकाळी परत आला नाही. जखमी होऊन तो जर्मनांच्या हाती पडला आणि ३० जून रोजी वारला. जर्मनांनी त्याला रीतीप्रमाणे पुरले. पण नाव लिहिताना चूक झाली. युद्ध संपल्यावरही पुष्कळ काळ त्याच्या थडग्यावरचे नाव आणि मुंबईस वाट पाहणाऱ्या घरचे नाव यांची गाठ पडेना. आज सोम प्रांतातील हांगार या खेड्याच्या स्मशानभूमीत तो आहे. आपल्या नावाचे एक अक्षर कुणी चुकविले, तर लग्नपत्रिका परत करणारी माणसे मी पाहिली आहेत. त्या मुलाचे तर सारे नावच काही काळ हरवले होते!

हिंदी हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. पहिली तुकडी १ एप्रिल १९३३ रोजी कराचीस उभी राहिली, आणि तिच्यापाशी होती अवघी चार वॉपिटी विमाने. लाकूड, धातूच्या नळ्या, तारा आणि त्यांवर ताणून बसविलेले रोगण दिलेले कापड, एकच इंजिन, वर उघडी बैठक, पुढे वैमानिक आणि मागे बंदूकवाला. हा मागचा माणूस पुष्कळदा पेशाने कारागीर असे. जमिनीवर इंजिन दुरुस्त करायचे आणि हवेत बंदूक धरायची, अशी ही दुहेरी चाकरी. या लोकांचा हुद्दा होता ‘हवाई सिपाही’.

पुढे १९३९ साली युद्ध पेटले. सागरकिनाऱ्याच्या रक्षणासाठी मुंबई, मद्रास, कलकत्ता, कराची, कोचीन आणि विशाखापट्टण अशा सहा ठिकाणी लहान लहान तुकड्या निघाल्या. हौशी विमान-मंडळांत उडावयास शिकलेले आणि टपालाची वा उतारूंची विमाने चालविणारे तरुण त्यांत भरती झाले. मुंबईची तुकडी जुहूस असे. ज्या वॉपिटींचे दिवस इतरत्र केव्हाच भरले होते, तीच त्यांच्या वाट्यास आली. खाली अथांग पाणी, चाकांचे विमान, एक इंजिन. ते बंद पडले तर समुद्रावर उतरण्याची सोय नाही. तरी हे तरुण गलबतांच्या काफिल्यांवर घिरट्या घालीत आणि पाणबुडीची सावली शोधीत. त्या गलबतांवरचे खलाशी कोण होते? त्यांत आमच्या कोकणातलेच कितीतरी होते. मुंबईस मशीद बंदराजवळच्या खलाशांच्या वसतिगृहात दुसऱ्या महायुद्धात समुद्रावर गेलेल्या सुमारे साडेसहा हजार आरमारी आणि व्यापारी नाविकांची नावे एका ग्रंथात जपून ठेवली आहेत. वर उडणारा आणि खाली कोळसा ओढणारा, दोघांपैकी कुणीही साम्राज्याचा मालक नव्हता.

हे सारे मला इतक्या उशिरा कळावे, याची खंत अशी की त्या जुहूच्या तुकडीतला एक माणूस माझ्याच घरातला होता.

माझे धाकटे काका १९२० चे. मॅट्रिकला गणितात वर्गात पहिले आणि संस्कृतात नापास. आजोबांनी त्यांना वकिलीच्या वाटेला लावण्याचा नाद सोडून दिला होता. पण काकांनी जी वाट धरली, ती त्यांच्या स्वप्नातही नव्हती. १९४० साली काकांनी हवाई दलात फिटर म्हणून नाव घातले. आजोबांनी त्यांना एवढेच सांगितले, की त्या वेषात या घराचा उंबरठा ओलांडावयाचा नाही. काकांनी तो शब्द पाळला. रजेवर येताना मुंबईहून ते लाँचीने रेवसला उतरत, धक्क्यावरच्या एका दुकानदाराकडे गणवेषाचे गाठोडे ठेवीत, धोतर नेसत आणि मग अलिबागेस येत. जाताना पुन्हा तोच क्रम उलटा. आत्या सांगत असे, की सकाळच्या वेळी समुद्राकडून वॉपिटीची घरघर आली, की आजी हातातले काम टाकून परसात जाई. विमानात मुलगा नाही, हे तिला ठाऊक असे. पण त्याचा हात त्या यंत्राला लागला आहे, एवढे तिला पुरे होते. आजोबा त्या वेळी वर्तमानपत्र वाचीत आणि त्यांना काहीही ऐकू येत नसे.

१९४२ सरता सरता किनाऱ्यावरच्या त्या तुकड्या मोडल्या आणि काका हरिकेनच्या एका तुकडीबरोबर पूर्वेकडे गेले. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ बोटीचा स्फोट झाला. अलिबागेस आमच्या घराच्या खिडक्या थरथरल्या, असे आत्या सांगे. त्या बोटीत दारूगोळा होता, कापूस होता, सोन्याच्या विटा होत्या आणि खोक्यांत बांधलेली स्पिटफायर विमानेही होती. त्या रात्री गोदीच्या दिशेचे आकाश तांबडे दिसले. आजी देवापाशी बसून राहिली, आणि तेव्हा मात्र आजोबा तिच्याजवळ येऊन बसले. काका त्या वेळी मणिपुरात इंफाळला होते. जपान्यांनी इंफाळला वेढा घातला होता आणि आतल्या सैन्याला सारा पुरवठा विमानांतून होत होता.

काका १९४६ मध्ये सुटून आले. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईच्या नाविकांनी बंड केले, आणि शहरातील हवाई दलाच्या हिंदी लोकांनीही त्यांच्या बाजूने काम बंद ठेवले. काका त्या संपात होते. ही गोष्ट आजोबांना कळली असती, तर घरातले पुष्कळ काही बदलले असते; पण काकांनी ती सांगितली नाही. जो माणूस आपल्या चाकरीची सबब सांगत नव्हता, त्याने आपल्या बंडाची फुशारकी का मारावी? त्यांनी रेवसला लाँचींची इंजिने दुरुस्त करण्याचे काम धरले आणि पुढली तीस वर्षे तेच केले.

त्यांची एक सवय होती. इंजिन दुरुस्त झाले, की पहिल्या फेरीला ते स्वतः लाँचीत बसून भाऊच्या धक्क्यापर्यंत जात आणि तसेच परत येत. पावसाळ्याच्या तोंडावर समुद्र खवळलेला असला, तरी यात खंड नसे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला येणारी ‘रामदास’ बोट बुडून सहाशेंवर माणसे गेली, त्याचा हा धसका असावा, असे लोक म्हणत. कारण या किनाऱ्यावर असे घर क्वचितच असेल, की ज्याने त्या बोटीत कुणी ओळखीचे गमावले नाही. काही लोक म्हणत, की फुकट मुंबई पाहण्याची ही युक्ती आहे. काका दोन्ही ऐकून घेत आणि हात पुशीत.

आता मला माझी स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे. १९६२ साली मी चौदा वर्षांचा होतो. ९ ऑगस्टला शाळेत वक्तृत्वाची स्पर्धा होती. विषय होता बेचाळीसचा लढा. मी पहिला आलो. भाषणात मी एक वाक्य घातले होते, आणि टाळ्या मुख्यतः त्याच वाक्याला पडल्या: देशातील काही तरुण तुरुंगात जात असताना काही तरुण परक्यांच्या विमानांना तेल घालीत होते. काका मागच्या बाकावर बसले होते. कामावरून तसेच आले असावेत. सदऱ्याच्या बाह्या वर केलेल्या होत्या. मी त्यांना पाहिले होते. वाक्य गाळता आले असते. मी गाळले नाही. घरी जाताना त्यांनी मला रस्त्यात कुल्फी घेऊन दिली आणि म्हणाले, "आवाज चांगला आहे तुझा. शेवटपर्यंत पोचतो." पुढे पंचवीस वर्षे ते जिवंत होते. त्या वाक्याविषयी ते बोलले नाहीत, आणि मीही बोललो नाही. माझ्या न बोलण्याला मी प्रथम सिद्धान्त समजत होतो. नंतर संकोच म्हणू लागलो. आता त्याचे खरे नाव मला ठाऊक आहे.

काका १९८७ मध्ये गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी काकूने मला बोलाविले आणि त्यांची पत्र्याची पेटी उघडली. तीत पाने होते, एक दाढीचा आरसा होता, आणि कुणाही माणसाचा एकही फोटो नव्हता. मी सहज विचारले, की काका पहिल्या फेरीला लाँचीत का बसत? काकू थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने सांगितले ते असे.

हवाई दलात एक नियम असतो. विमान उडण्यापूर्वी त्याची तपासणी करणाऱ्या कारागिराने एका फॉर्मवर सही करावयाची. त्याचा क्रमांक सातशे. इंजिनवाल्याची सही वेगळी, सांगाड्यावाल्याची वेगळी, बंदुकांची वेगळी. मग वैमानिक त्या सह्या पाहून स्वतःची सही करतो आणि विमान ताब्यात घेतो. तो विमान उघडून पाहत बसत नाही. त्याने त्या सहीवर विश्वास ठेवावयाचा असतो. इंफाळच्या वेढ्यात काकांच्या तुकडीतील हरिकेने दोन-दोनच्या जोडीने जंगलावरून अगदी खालून उडत आणि शत्रूचा माग काढून येत. विमाने गेली, की कारागीर धावपट्टीच्या कडेला बसून राहत. आवाज प्रथम कानांना लागे, मग ठिपका दिसे. एके दिवशी जोडीतले एक परत आले. दुसऱ्यात जो मुलगा होता, तो काकांहून दोन वर्षांनी लहान होता. जोडीदाराला फक्त झाडीतून वर आलेला धूर दिसला होता. गोळी लागली की इंजिन बंद पडले, हे कुणालाच सांगता येईना. "फॉर्मवर माझी सही होती," एवढेच काका काकूला म्हणाले होते. लग्नानंतर सात वर्षांनी, एका रात्री, एकदाच.

वरसोलीच्या कोळणी पावसाळ्याआधीच्या वाऱ्यात होड्यांची वाट पाहत किनाऱ्यावर उभ्या राहतात, ते मी लहानपणापासून पाहत आलो आहे. धावपट्टीच्या कडेला बसलेले ते कारागीर मी कधी पाहिले नाहीत. पण काकू बोलत असता ते मला स्पष्ट दिसले. आणि हेही दिसले, की ज्या माणसाला मी परक्यांच्या विमानाला तेल घालणारा म्हणालो, तो आयुष्यभर एका आपल्याच मुलासाठी त्या विमानाचा एकेक खिळा मनात पुन्हा पुन्हा आवळीत होता. लाँचीची पहिली फेरी म्हणजे त्याने स्वतःवर लादलेला नियम होता. सही माझी, तर जीवही माझाच अगोदर.

गेल्या हिवाळ्यात नातवाच्या हट्टापायी मी दिल्लीस पालमचे हवाई दलाचे संग्रहालय पाहावयास गेलो. १९६७ सालचे हे संग्रहालय. तेथे एका दालनात वॉपिटी उभे आहे. चित्रात ते बोजड दिसते, पण समोर आल्यावर मला ते विलक्षण नाजूक वाटले. कापडाचे पंख, त्यांमधून जाणाऱ्या तारा, लाकडी पंखा. रेवसच्या जुन्या लाँचीला जसा कुणी तरी सारखा हात लावून ठेवावा लागे, तशीच याचीही प्रकृती असणार. नातू हळूच म्हणाला, "आजोबा, हे रोज कुणी तरी तपासत असेल ना?" मी हो म्हणालो. आवाज नीट निघाला नाही.

परतीच्या प्रवासात त्याने मला ‘परशुराम’ची हकिकत सांगितली. युद्धकाळातले एक डाकोटा विमान परदेशातून विकत घेऊन, दुरुस्त करून, २०१८ मध्ये हवाई दलाला भेट देण्यात आले. त्याने इंग्लंडहून हिंदुस्थानपर्यंतचा प्रवास स्वतःच्या पंखांनी केला. त्याला नाव दिले परशुराम, आणि क्रमांक दिला व्हीपी ९०५, म्हणजे २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला सैन्य घेऊन उतरलेल्या डाकोटाचा. आम्हां कोकणच्या माणसांना ते नाव परके नाही. आमची भूमीच त्याने बाणाने समुद्र मागे सारून मिळविली, अशी आमची समजूत आहे. मी विचार केला, की इंफाळच्या वेढ्यात तांदूळ आणि दारूगोळा आणणारी डाकोटे काकांनी रोज पाहिली असतील. इंग्रजांच्या अंमलात जी यंत्रे आणि जे हात घडले, तेच तीन वर्षांनी स्वतंत्र देशाच्या कामी आले. जुन्या हवाई दलात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढलेले मुंबईचे हृषीकेश मुळगावकर १९७६ मध्ये भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. आजोबा हे पाहावयास नव्हते. असते, तर त्यांनी वर्तमानपत्र जरा खाली केले असते, असे मला वाटते.

आजोबांची चूक होती, असे मी म्हणत नाही. ज्याने चिरनेर पाहिले, त्याने तो वेष उंबरठ्यात येऊ दिला नाही, हे योग्यच होते. काकांचीही चूक होती, असे मला म्हणता येत नाही. दोघेही आपापल्या परीने खरे होते, आणि दोघांच्या मध्ये रेवसच्या दुकानात ते गाठोडे पडून होते. चूक माझी होती. कारण माझ्या वेळी देश स्वतंत्र झालेला होता, आणि ते गाठोडे सोडून पाहण्यास मला कुणाचीही मनाई नव्हती.

आता नातवाने बांबूच्या काड्या आणि पातळ कागद यांचे एक वॉपिटी तयार केले आहे. रबराला पीळ देऊन ते उडते. वीस-पंचवीस पावले जाते आणि वाळूत नाक खुपसते. परवा ते प्रथम उडवावयाचे होते. किनाऱ्यावर जाण्यापूर्वी त्याने माझ्यापुढे वहीचे एक पान धरले. त्यावर पट्टीने रकाने आखलेले होते: पंख, शेपटी, पंखा, रबर, चाके. वर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, ‘फॉर्म ७००’. काकांची गोष्ट मी त्याला पालमहून परत येताना सांगितली होती.

"सही करा, आजोबा. म्हणजे उडवतो."

मी लेखणी हाती घेतली आणि खाली ठेवली. चष्मा लावला. दोन्ही पंख हलवून पाहिले. एका बाजूची तार सैल होती, ती त्याच्याकडून घट्ट करून घेतली. चाकांना फुंकर मारली. बाहेर उजेड कमी होऊ लागला होता आणि तो उंबरठ्यावर एका पायावर उभा राहून चुळबुळ करीत होता. पण मला घाई करवेना.